रेव्हरंड टिळक आणि त्यांचे सांगाती

गेथशेमाने बागेत प्रभू प्रार्थनेस गेले तेव्हा त्यांनी पेत्र, याकोब व योहान ह्या तिघांना बरोबर घेतले आणि जागे राहावयास सांगितले, ही कथा आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस तोंडपाठ आहे. ते तिघेही झोपी गेले, म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. परंतु त्या भयंकर रात्री प्रत्यक्ष प्रभूलाही जवळ कोणी मित्र जागा असावा असे वाटले, ह्या गोष्टीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. मोहाशी सामना द्यावयाचा म्हणजे खोलीचे दार लावून, दातओठ खाऊन, एकट्यानेच द्यावयाचा अशी आपली समजूत असते. आणि त्यात हार खाल्ली म्हणजे ती लपवावयाची, हेही आपण आपोआप शिकतो. आमच्या वसतिगृहात राहून गेलेल्या कोणालाही हे सांगावयास नको.

ह्या अंकासाठी चरित्र लिहावयाचे ठरले तेव्हा आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निवडले, ते ह्याच कारणाने. ते मोठे कवी होते, मोठे ख्रिस्तभक्त होते, हे सर्वांस माहीत आहे. पण ते स्वभावाने फार शीघ्रकोपी, पैशाच्या बाबतीत अगदी बेफिकीर आणि मनात आले की उठून चालते होणारे होते, हेही तितकेच खरे आहे. अशा माणसाला परमेश्वराने शेवटपर्यंत वाटेवर कसे ठेवले असेल, ह्याचा विचार करू लागलो की त्यांच्या भोवतीची माणसे एकामागून एक डोळ्यांपुढे येतात. शिवाय ह्या चरित्राचा एक धागा आमच्या नाशिकात सुरू होतो आणि दुसरा नाशिकातच संपतो.

टिळकांचा जन्म १८६१ च्या डिसेंबर महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत असून फार कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई मात्र कोमल मनाच्या व भक्तिमान होत्या. काव्याची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. ती आई मुलाच्या लहानपणीच निवर्तली आणि त्याबरोबर घराचा जिव्हाळाही संपला. नारायण घर सोडून नाशिकास आला. गोदावरीच्या काठी, देवळांच्या सावलीत, परक्यांच्या घरच्या अन्नावर तो वाढला. गणेशशास्त्री लेले ह्यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्यास संस्कृत शिकावयास मिळाले. थोडे इंग्रजीही तो येथेच शिकला. ज्याला घर नाही त्याला गावाने वाढवावे, ही आपल्याकडील जुनी रीत. टिळकांनी पुढे जन्मभर आपले दार वाटेल त्यास उघडे ठेवले, त्याचे मूळ ह्या नाशिकच्या दिवसांत असावे असे आम्हांस वाटते.

नाशिकपासून जवळच, गोदावरीच्या काठी जलालपूर म्हणून गाव आहे. आता शहर वाढत वाढत त्याच्या वेशीला जाऊन भिडले आहे. पण त्या काळी ते शेतामळ्यांतील लहानसे खेडे होते. तेथील गोखल्यांच्या घरची मनकर्णिका ही अकरा वर्षांची मुलगी सुमारे १८८० साली टिळकांस दिली गेली. ह्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाल्या. त्यांचे वडील इतके कडक सोवळे पाळीत की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेत नसत. अशा घरातून निघालेली मुलगी कोणत्या घरात जाऊन पडली पाहा! नवरा आज येथे तर उद्या तेथे. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात जुळारी. घरखर्चासाठी हातात आलेला पैसा घरी पोहोचेपर्यंत हातात राहील, ह्याची शाश्वती नसे. रस्त्यात कोणी गरजू भेटला तर त्यास तो मिळे, एखादी सुंदर वस्तू दिसली तर तिच्यासाठी खर्च होई. रागाचा झटका आला म्हणजे तर बोलावयाची सोयच नसे. लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रांत हे सारे लिहून ठेवले आहे आणि नवऱ्याची एकही खोड झाकलेली नाही. तरी ते पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदरच उरतो. असे लिहिणे थोड्यांनाच साधते.

पुढे टिळक नागपुरास गेले. तेथे अप्पासाहेब बुटी ह्या धनिकाच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करू लागले व ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. जातिभेदाने आपला देश दुबळा झाला आहे, त्याला एकत्र आणील असा धर्म कोणता, हा विचार त्यांना रात्रंदिवस छळीत असे. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. तो गृहस्थ आदराने बोलला. काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या निघाल्या. उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पद वाटले. पण शब्द दिला म्हणून त्यांनी पुस्तक वाचावयास घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना.

येथून पुढची दोन वर्षे टिळकांनी जवळजवळ एकट्याने काढली. मनात काय चालले आहे हे घरात सांगण्याची सोय नव्हती, कारण सांगितले की घर मोडणार. मित्रांस सांगावे तर गावभर होणार. त्यांनी नाव न देता एका ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार सुरू केला. ज्याचे तोंड पाहिले नाही अशा माणसालाच आपले मन उघडून दाखविण्याची पाळी त्या विद्वान, वाचाळ, चारचौघांत शोभणाऱ्या गृहस्थावर आली, ह्यावरून त्यांचा कोंडमारा ध्यानात येईल. अखेर मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अॅबट ह्यांच्याशी त्यांचा परिचय झाला. १८९५ सालच्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबई येथे टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नाथोजी ह्या एतद्देशीय पाळकाच्या हातून घेतला.

अॅबट साहेबांविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. टिळक पुढे म्हणत असत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे ऐकून पुष्कळ मिशनरी त्या काळी कपाळाला आठ्या घालीत असतील. अॅबट साहेबांनी तर मायदेशी परत गेल्यावर आपल्या उतारवयात मराठी संतांच्या चरित्रांची व काव्यांची इंग्रजी भाषांतरे करण्याचा संकल्प सोडला आणि तो बराच सिद्धीस नेला. साहेबांनी टिळकांना एका पुस्तकाकडे नेले, आणि टिळकांसारख्यांच्या संगतीत साहेबांना दुसऱ्या पुस्तकांची गोडी अधिकच लागली असल्यास आम्हांस नवल वाटणार नाही. ज्या मैत्रीत एकच जण शिकवितो आणि दुसरा एकसारखा शिकतो, ती फार दिवस टिकत नाही.

बाप्तिस्म्याची बातमी घरी पोहोचली तेव्हा काय आकांत झाला तो स्मृतिचित्रांत वाचावा. आम्ही येथे लिहीत नाही. लक्ष्मीबाई व चार वर्षांचा दत्तू ह्यांना बहिणीच्या घरी, पेंडशांच्याकडे आसरा मिळाला. बहीण व तिचे यजमान ह्यांनी त्या दुःखाने वेड्यापिशा झालेल्या बाईला जिवापलीकडे जपले. काही काळ ही सर्व मंडळी पंढरपुरास होती. टिळक अहमदनगरास, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तेथे, मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवू लागले. नवरा एका गावी, बायकोमूल दुसऱ्या गावी. अशी सुमारे साडेचार वर्षे गेली.

टिळकांच्या आयुष्यातील खरी परीक्षा आम्ही ह्याच साडेचार वर्षांस म्हणतो. लोक समजतात की बाप्तिस्म्याचा दिवस कठीण. तो दिवस एका धैर्याच्या लाटेवर निघून जातो. कठीण असतात ते पुढचे दिवस, जेव्हा संध्याकाळी दिवा लावावयास घरात कोणी नसते. टिळकांपुढे मोह एक नव्हता, तीन होते, आणि तिन्ही चांगल्या माणसालाच पडावेत असे होते. पहिला परत फिरण्याचा. प्रायश्चित्त घेऊन ज्ञातीत परतण्याची वाट त्या काळी अगदीच बंद नव्हती. १८४३ साली श्रीपत शेषाद्री ह्या मुलाला शुद्ध करून घेण्यासाठी स्वतः बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली होती आणि त्यावरून मुंबईत केवढे तरी रण माजले होते. परत फिरले असते तर पत्नी व पुत्र एका दिवसात टिळकांना मिळाले असते. दुसरा मोह बळजबरीचा. मुलावर बापाचा हक्क होता, तो त्यांना सांगता आला असता. तिसरा मोह कायद्याने समोर आणून ठेवलेला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदावयास तयार नसेल तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला न्यायालयात जाऊन तो विवाह रद्द करून घेता यावा व दुसरा करता यावा, अशी तरतूद सरकारने १८६६ सालीच करून ठेविली होती.

टिळकांनी ह्या तिन्हींपैकी काहीही केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले. मनकर्णिका गोखले ही आपली पत्नी आहे, ती स्वतःच्या मनाने येईल तेव्हा येईल, तिचे सोवळे तिने पाळावे, पण आपण तिची वाट पाहणार, ह्या निश्चयापासून ते ढळले नाहीत. आता आमचा प्रश्न असा की, ज्यांना रागाचा एक झटका आवरत नसे त्यांना साडेचार वर्षे हा संयम कोठून आला? टिळक स्वतः ह्याचे श्रेय ख्रिस्ताच्या कृपेला देतील, आणि आम्हीही तेच देतो. परंतु ती कृपा पुष्कळदा माणसांच्या पायांनी चालत येते. नगरास त्या वेळी डॉक्टर रॉबर्ट ह्यूम होते. त्यांचा जन्म मुंबईतला, मराठी त्यांना घरच्यासारखी. मिशनची धर्मशिक्षणशाळा त्यांच्या देखरेखीखाली चालत असे. टिळकांचे व मिशनरी मंडळीचे सर्वच बाबतींत पटत असे असे मुळीच नाही. परदेशी चालीरीती, परदेशी चाली, मंडळीतील परावलंबन ह्यांवर टिळक स्पष्ट टीका करीत. तरी एकमेकांशी भांडूनही एकत्र प्रार्थनेस बसणारी माणसे त्यांना तेथे लाभली. रोज शिकवावयास यावे लागे, रोज चार सोबत्यांना तोंड दाखवावे लागे. ज्याला रोज तोंड दाखवावयाचे असते त्याला एका रात्रीत पळून जाता येत नाही.

आणि पेंडसे मंडळी? तीही आमच्या मते टिळकांच्या मित्रांतच मोजली पाहिजेत, जरी टिळकांच्या धर्मांतराने तीच सर्वांत अधिक दुखावली होती. त्यांनी लक्ष्मीबाईंना सांभाळले, दत्तूला वाढविले, आणि वेळ आली तेव्हा नवराबायकोच्या मधली वाट अडवून धरली नाही. आपल्या धर्माचा नसलेला, आपल्यावर रागावलेला माणूसही आपल्याला मोहातून वाचवीत असतो, ही गोष्ट ध्यानात यावयास फार उशीर लागतो.

लक्ष्मीबाई नगरास आल्या त्या आपल्या सोवळ्यासह आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी त्यास धक्का लावला नाही. ज्यांच्या जिभेवर सरस्वती नाचत होती त्यांनी आपल्या पत्नीला वादात जिंकण्याचा मोह आवरला, हेही त्यांच्या मोठ्या विजयांपैकी एक होय असे आम्ही समजतो. पुढे राहुरीस असता, जात देवाने केली की माणसाने, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांचा त्यांनीच उभा राहिला. जन्म सारखा, मरण सारखे, रक्तमांस सारखे. मग भेद कोणी केला? त्या दिवसापासून त्यांनी विटाळ सोडला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्यानंतर टिळकांचा स्वभाव पालटला असे कोणी समजू नये. राग तसाच होता, हात तसाच सैल होता. पालटले ते इतकेच की आता तो स्वभाव एकट्याचा राहिला नव्हता. लक्ष्मीबाई विनोदी, धीट आणि व्यवहाराने पक्क्या होत्या. टिळक रागाने घर डोक्यावर घेत, तेव्हा केव्हा बोलावयाचे व केव्हा गप्प बसावयाचे हे त्यांना समजू लागले होते. आणि टिळकही राग ओसरल्यावर आपली चूक त्यांच्यापाशी कबूल करीत. काही प्रसंगी लक्ष्मीबाईही कमी नसत, हे त्यांनीच लिहिले आहे. दुष्काळातील अनाथ मुले ह्या घरात आली, प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा ह्या घराने केली. भरलेल्या घरात माणसाला आपले दोष लपवावयास कोपराच सापडत नाही. टिळकांना १९०४ साली पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांनी शेकडो गीते रचली. आजही मराठी मंडळ्यांत ती रविवारी गाइली जातात. १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन ते १९१२ पासून अखेरपर्यंत करीत होते.

ह्याच घरात एक मुलगा येऊन राहिला, त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ह्या कोवळ्या पोराच्या कवितेने सभा मोहून गेली आणि त्यास बालकवी म्हणू लागले. टिळकांनी त्यास पोटच्या मुलासारखे वागविले. एवढा रसाळ वक्ता, एवढा उत्साही धर्मोपदेशक, आणि घरात असा भावनाशील मुलगा. तरीसुद्धा टिळकांनी त्याच्यावर धर्माचे दडपण घातले नाही. बालकवी हिंदू राहूनच त्या घरी जेवला, रुसला, हसला. १९१८ च्या मे महिन्यात भादलीनजीक आगगाडीखाली सापडून त्याचा अंत झाला तेव्हा टिळकांच्या घरचेच एक मूल गेले.

आता टिळकांच्या शेवटच्या प्रयत्नाविषयी. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीने राहावयाचे ठरवून ते साताऱ्यास गेले आणि तेथे ‘देवाचा दरबार’ म्हणून एक बंधुवर्ग त्यांनी सुरू केला. ह्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बरोबरीने बसावेत, पंथापंथांतील भिंती तेथे नसाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. ह्या गोष्टीवर तेव्हा टीका झाली आणि अजूनही होऊ शकेल. मंडळीच्या शिस्तीच्या दृष्टीने त्यात अडचणी आहेत हे आम्हांस मान्य आहे. परंतु जो मनुष्य १८९३ ते १८९५ ही दोन वर्षे नाव लपवून पत्रे लिहीत एकटा तळमळला होता, त्याला असा दरबार स्थापावासा का वाटला असेल, हे आम्हांस पुरते समजते. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत अधिक सोबतीची गरज असते. आणि त्या काळी उंबरठ्याच्या आत बसलेले लोक आत आल्यावर बोलू म्हणत, बाहेरचे लोक तर आत जाऊ नको म्हणूनच ओढीत. तेथे उभे असता टिळकांजवळ कोणी नव्हते. निदान दुसऱ्याजवळ तरी कोणी असावे, एवढीच त्यांची धडपड असावी.

दरबार फार दिवस चालला नाही, कारण टिळकच फार दिवस राहिले नाहीत. प्रकृती ढासळत गेली आणि १९१९ सालच्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबई येथे त्यांचा अंत झाला. वय सत्तावन वर्षांचे होते. प्रभूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. त्याचे थोडे अध्याय तेवढे झाले होते. बाकीचे सारे अपुरे राहिले.

ते अपुरे काम कोणी पुरे करावे? नगरास विद्वान पुष्कळ होते. ते उचलले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लिहावयावाचावयास टिळकांनीच, ओरडून आणि रागावून, जेमतेम शिकविले होते. साठांहून अधिक अध्याय त्यांनी एकटीने रचले. जुन्या आठवणी लिहून काढण्याचेही काम ह्याच वर्षांत झाले. स्मृतिचित्रांचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि साऱ्या महाराष्ट्राने ते उचलून घेतले. ह्या उतारवयात त्यांचे वास्तव्य आपल्या मुलाजवळ, देवदत्तांजवळ, म्हणजे पूर्वीच्या त्या दत्तूजवळ, नाशिकास होते. ज्या गावात घर सोडून आलेला एक पोरका मुलगा परक्यांच्या पंक्तीला जेवला होता, त्याच गावात त्याची बायको त्याच्या ओव्या पुढे चालवीत बसली होती. १९३६ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस त्या नाशिक येथेच वारल्या. जलालपूर तेथून काही मैलांवर, गोदावरीच्या काठीच होते.